उतरवलेलं घर

काका माणसांच्या तोंडाकडे फारसे बघत नसत, पायांकडे बघत. करोल बागेतली ती खोली बघायला मी गेले तेव्हा भाड्याचं, पाण्याचं, विजेचं सगळं काकूच बोलत होत्या आणि काका कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून माझ्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, चपला बाहेर काढायला हव्या होत्या. मी उठून काढून आले. तरी ते पायांकडेच. मी निघाले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दारातून आत येताना तू थांबतेस. का थांबतेस?"

मी थांबते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. 

"घाबरू नको गं," काकू म्हणाल्या. "ते सगळ्यांनाच असं काहीबाही विचारतात. चलो, तू चहा घे."

खोली म्हणजे बरसाती. गच्चीवर बांधलेल्या एकट्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर गाड्यांच्या सामानाची दुकानं, तिथे दिवसभर कोणी ना कोणी नवा हॉर्न वाजवून बघत असे. दुसऱ्या मजल्यावर काका-काकू आणि त्यांच्या डोक्यावर मी. काकांचे वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. काका याच घरात वाढले. मी पुण्याची, नोकरी नोएडात, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. आमच्या आईच्या मते त्यासाठी मला वेगळं शिकवायची काही गरज नव्हती.

पहिल्याच रविवारी सकाळी खालून एक भयंकर आवाज आला. पत्रा नखांनी ओरबाडावा तसा, मध्येच किंचाळल्यासारखा, थांबतच नव्हता. मी धावत खाली गेले. काकू शांतपणे मेथी निवडत बसल्या होत्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "यांचं यंत्र जेवतंय."

आतल्या खोलीत काका एका जुन्या डबा टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीला जोडलेला वहीएवढा काळा कॉम्प्युटर, त्याला खोडरबरासारखी मऊ बटणं, आणि शेजारी कॅसेट प्लेअर. तो आवाज कॅसेटचा होता. एके काळी प्रोग्रॅम असे कॅसेटवर, आवाजाच्या रूपात ठेवत, आणि कॉम्प्युटर तो ऐकून घेई. टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत होते. आवाज थांबला आणि पडद्यावर एक किल्ला आला. त्यात ठोकळ्यांसारखे पाच पहारेकरी फिरत होते.

"हा मी उतरवलेला," काका म्हणाले.

काका तरुणपणी नेहरू प्लेसमधल्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत होते. गिऱ्हाईक विलायतेतलं. तिकडे गेमच्या दुकानांत नाणं टाकून खेळायची कपाटाएवढी मशीन असत आणि पोरांना तेच खेळ घरच्या कॉम्प्युटरवर हवे असत. ते करून देणं हे या कंपनीचं काम. काका त्याला 'उतरवणं' म्हणत, कोणाकडून आरती वहीत उतरवून घ्यावी तसं. गोम अशी की मशीनच्या आतला मूळ प्रोग्रॅम कोणी देत नसे. लाकडी खोक्यातून मशीन यायचं, काही आठवडे ऑफिसात उभं राहायचं आणि परत जायचं. तेवढ्यात एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून नुसतं बघायचं. कोण कुठे वळतो, कशाने बिथरतो, कोणाच्या मागे लागतो, हे बघून बघून मनात उतरवायचं आणि मग नव्याने लिहायचं. तेही माझ्या फोनमधल्या एका फोटोला लागते त्याहून कितीतरी कमी जागेत.

त्यांच्याकडे एक सरदारजी होते, ते खेळायचे. काका बघायचे.

"चित्र कोणीही काढतं," काका म्हणायचे. "वागणं काढता आलं पाहिजे. रंग गेला तर चालतो, चाल गेली की संपलं."

मी म्हटलं, हल्लीच्या लॅपटॉपवर हे किती सोपं झालं असतं. त्यावर त्यांनी माझी कीव आल्यासारखं बघितलं, म्हणजे माझ्या पायांची. "त्यात सगळं मावतं. सगळं मावायला लागलं की माणूस बघायचं सोडतो."

त्यांचा एक नियम होता. बघणाऱ्याने खेळायचं नाही. बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. या नियमामागची गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा त्यांचा आवाज एखादा अपघात सांगावा तसा झाला होता.

"एकदा मोह झाला. सरदारजी जेवायला गेले होते. मी खेळलो. त्यात खेळणारा म्हणजे चोर. मी चोर झालो आणि मला फक्त चोरच दिसायला लागला. पाचवा पहारेकरी कसा वळतो ते मला पाठ होतं. ते गेलं. पुसलं गेलं. मशीन दुसऱ्या दिवशी परत जाणार होतं."

"मग काय केलंत?"

"पाचवा मनाने केला. खोटा. विलायतेत कोणालाही कळलं नाही. पण मला दिसतो ना रोज."

मी किल्ल्यातल्या त्या पाचव्या ठोकळ्याकडे बघितलं. मला तो इतरांसारखाच वाटला. काकांनी मात्र त्याच्यावरून नजर काढून घेतली. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका ठोकळ्याची कोणाला लाज वाटू शकते, हे मी पहिल्यांदा बघत होते.

काकूंना या सगळ्याचं कौतुक होतं, पण त्या ते चेष्टेत सांगत. "मला बघायला आले होते ना, सगळे माझ्याशी बोलत होते आणि हे आपले माझ्या पायांकडे. मला वाटलं, पायात काही खोट शोधताहेत. लग्न झाल्यावर विचारलं तर म्हणाले, पोह्यांच्या बशा घेऊन येताना तू उंबऱ्यात डावा पाय आधी टाकलास. अच्छा, मग काय बिघडलं, म्हटलं. तर म्हणे, बिघडलं नाही, लक्षात राहिलं. आता सांग, असं कोण बघतं गं बायकोकडे? जन्म गेला, यांचं बघणं संपेना."

हे सांगताना त्या हसत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. मला पाहायला आलेल्या मुलांनी आतापर्यंत फक्त माझं पॅकेज लक्षात ठेवलं होतं.

आता पानिपतचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. जानेवारीत दिल्लीतली मराठी माणसं बस करून काला अंबला जातात. पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे तिथे. फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, बरोबर नेलेली पुरीभाजी खायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. त्या वर्षी काकूंनी मलाही ओढून नेलं. भाषण चालू असताना कोणीतरी विचारलं की काकू कुठे आहेत, आणि काकू नव्हत्या. बायकांच्या स्वच्छतागृहात नव्हत्या, बसमध्ये नव्हत्या. माइकवरून हाका सुरू झाल्या. मी बसभोवती दोनदा फिरून आले. काका मात्र मैदानाच्या मध्यावर डोळे मिटून उभे होते.

मग ते चालायला लागले. मी त्यांच्या मागे. "गोंधळली की ती भिंत उजव्या हाताला धरून चालते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ऊन टाळते. पाण्याचा आवाज आला की तिकडे वळते." भिंत संपली, फाटक लागलं, फाटकाबाहेर झाडांची सावली. सावलीतून पुढे गेलो तर शेतात पंप चालू होता आणि हौदाच्या कठड्यावर काकू बसल्या होत्या. पदर नीट, पर्स मांडीवर.

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काकूंनी वर बघितलं आणि परक्या माणसाला विचारावं तसं हिंदीत विचारलं, "भाईसाब, बस निकल गई क्या?"

काकू घरच्या माणसांशी हिंदीत बोलत नसत. नवऱ्याशी तर कधीच नाही. मी काकांकडे वळले आणि मला दिसलं की ते हसताहेत.

"बघितलंस?" ते म्हणाले. "बरोबर निघालं. सगळं बरोबर निघालं."

थंडी होतीच, पण मला जो काटा आला तो त्या हसण्याने.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं आणि हे आता वाढतच जाणार, थांबणार नाही, असंही सांगितलं. काकांनी ते शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "म्हणजे परत जाणार ती." मशीनबद्दल बोलायचे तोच सूर. त्यांच्यासारख्या माणसाला हीच एक गोष्ट करता येत होती, आणि त्या दिवसापासून त्यांनी ती करायला घेतली. काकू परत जाण्याआधी काकूंना उतरवून घ्यायचं.

वेताची खुर्ची दिवाणखान्यातून पॅसेजच्या कोपऱ्यात आली. तिथून स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाल्कनी आणि वर येणारा जिना, सगळं दिसे. काका सकाळी तिथे बसत ते जेवायलाच उठत, पुन्हा बसत. बोलणं बंद. काकूंशी तर पूर्णच बंद, कारण बोललं की वागणं बदलतं. सुरुवातीला काकू आपल्या जुन्या सवयीने हाक मारत. "अहो, ऐकलंत का? गॅस संपत आलाय." काका ऐकत, आणि बघत. कामाला येणारी पूनम मला जिन्यात भेटली की कुजबुजायची, "दीदी, अंकलजी फिर बैठ गए. आंटी बुलाती हैं तो हिलते भी नहीं. मुझे तो डर लगता है."

एका रविवारी त्यांनी मला आत बोलावलं. "तू टेस्टर ना? बघ काही चुकतंय का."

पडद्यावर घर होतं. वरून दिसावं तसं, भिंतींच्या जागी रेघा. पिवळा ठोकळा म्हणजे काकू. लाल ठोकळा पूनम. हिरवा ठोकळा जिन्यावरून आला, दारात थांबला, नळापाशी गेला, मग बरसातीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मला कळायला थोडा वेळच लागला की ही मी आहे. कामावरून आल्यावर मी खिडकीशी उभी राहते, खालच्या गल्लीकडे बघत. आपण तिथे किती वेळ उभे असतो आणि किती एकटे दिसतो, हे मला त्या ठोकळ्याने दाखवलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी हट्टाने आठवडाभर खिडकीशी गेले नाही. पुढच्या रविवारी बघते तर हिरवा ठोकळा खिडकीकडे निघाला, मध्येच थबकला आणि परत फिरला.

"काका, तुम्हाला वरचं कसं दिसतं?"

"गच्चीवर पावलं वाजतात," ते म्हणाले. "छत पातळ आहे."

त्यानंतर मी खोलीत अनवाणी आणि हळू चालायला लागले. मग आपण असं का चालतोय असं वाटून मुद्दाम पाय आपटायला लागले. दोन्ही गोष्टी पडद्यावर आल्या असणार. मी बघायला गेले नाही. जागा सोडावी असं मनात आलं, पण काकूंना अशा घरात टाकून जायचं माझ्याच्याने होईना.

त्याआधी एक चूक मात्र मी त्यांना सांगितली होती. हिरवा ठोकळा बाहेर गेला की पिवळा ठोकळा जिना चढून बरसातीत यायचा आणि माझ्या पलंगाच्या जागी जाऊन स्थिर व्हायचा. "काका, हा बग आहे. काकू वर कशाला येतील? त्यांचे गुडघे किती दुखतात."

"बग नाही," काका म्हणाले.

एका शनिवारी मी बाजारातून लवकर परत आले. दार ढकललं. काकू माझ्या पलंगावर बसल्या होत्या, माझा टॉवेल छातीशी धरून. खोलीच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे असे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "खाली एक माणूस बसलाय."

"कोण माणूस, काकू?"

"म्हातारा आहे. काही बोलत नाही. मी स्वयंपाकघरात गेले की बघतो. झोपले की बघतो. मी विचारलं, कोण हवंय, तर उत्तर देत नाही. आमचे हे ऑफिसातून आले की त्यांना सांगते. तोवर बसू का गं इथे?"

"या ना काकू, बसा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी त्यांच्याजवळ बसले.  हळूहळू त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. मग त्यांनी मला आमसुलं संपल्याचं सांगितलं, पुण्याहून आणशील का विचारलं, आणि बिल्कुल पूर्वीसारख्या बोलल्या. त्यांच्या 'ह्यां'विषयी बोलल्या. ते किती बारीक बघतात, पण कधी रागावत नाहीत. ऑफिसातून येताना गजरा आणतात आणि द्यायला लाजतात. मला रडू आलं, ते मी आमसुलांची यादी करायच्या निमित्ताने लपवलं.

त्यानंतर त्या रोजच वर यायला लागल्या. मी घरून काम करत असले की खालून हाक यायची, "अगं, आहेस का?" मी "ओ" म्हणायचे आणि त्या एकेक पायरी धरत यायच्या. पलंगाच्या कडेला बसायच्या. मी लॅपटॉपवर, त्या नुसत्याच. पुढे पुढे मी कोण हेही त्यांना कळत नसावं. पण ओ देणारं कोणीतरी वर आहे, एवढं त्यांच्यात शिल्लक होतं.

मी काकांना सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. "काका, त्या तुम्हाला घाबरतात. त्यांना तुम्ही परके वाटता. तुम्ही त्यांच्याशी बोललात, जवळ बसलात, तर अजूनही ओळखतील. मधूनमधून त्यांना सगळं आठवतं. 'ह्यां'ची वाट बघतात त्या. तुम्ही पॅसेजमध्ये बसलेले असताना तुमची वाट बघतात."

 काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे भरले होते, हे मी नक्की सांगू शकते.

"सकाळ उतरवून झाली," ते म्हणाले. "संध्याकाळ झाली. दुपार अजून राहिलीय. दुपारी ती काय करते ते अजून नीट बसत नाहीये. आत्ता उठलो तर सगळं बदलेल. मग मनाने करावं लागेल."

"मनाने केलं तर काय बिघडलं?"

"खोटं होईल ना गं," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

मी त्यांना त्या दिवशी खूप बोलले. दगड म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आणि म्हणूनच माझा संताप होत होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी खाली पाणी भरून घ्यायला गेले होते. काकू पॅसेजमध्ये उभ्या होत्या, काकांच्या अगदी समोर. त्यांचा चेहरा स्वच्छ होता. मी बाटली हातात धरून तशीच थांबले.

"अहो," काकू म्हणाल्या. "ऐकलंत का?"

त्या काकांकडेच बघत होत्या. नवऱ्याकडे बघावं तसं. काकांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. बोटं पांढरी पडेपर्यंत दांडे आवळलेले. खाली दुकानात कोणीतरी हॉर्न वाजवून बघितला, पुन्हा वाजवला. काकू वाट बघत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. त्यांनी पदर सावरला, नजर खाली घातली आणि परक्या पुरुषासमोरून जावं तशा भिंतीला लागून जिन्याकडे गेल्या. काकांनी डोळे मिटून ओठ हलवले. किती पावलं, कोणीकडे वळली, हे ते पाठ करत होते.

धुक्याच्या दिवसांत काकूंना सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. हॉस्पिटलात त्या पडून होत्या, हालचाल नव्हतीच, त्यामुळे बघण्यासारखंही काही नव्हतं. तिथे काका पहिल्यांदा त्यांच्या जवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला. काकूंनी तो काढून घेतला. रागाने नव्हे, बसमध्ये शेजारच्याचा धक्का लागल्यावर आपण अंग चोरतो तसा, सभ्यपणे. काकांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. दोन दिवसांनी काकू गेल्या.

तेरावं झालं, नातेवाईक गेले, आणि खालून पुन्हा कॅसेटचा तो आवाज यायला लागला. मग एक दिवस काका स्वतः जिना चढून वर आले. मी राहायला आल्यापासून ते कधी वर आले नव्हते. "झालं," म्हणाले. "पूर्ण झालं. दुपारसकट. खेळून दाखव."

मी खाली गेले. घरात फारच शांतता होती. पडद्यावर तेच घर, पण आता त्यात एक पांढरा ठोकळाही होता. "हा मी," काका म्हणाले. "खेळणारा म्हणजे मी. बाकी काही नाही, गुण नाहीत, काही नाही. तिच्या खोलीत जायचं, एवढंच."

बटणं मऊ होती, बोटाखाली रुतत होती. पिवळा ठोकळा स्वयंपाकघरात होता. ओट्यापाशी, मग फळीपाशी, मध्येच थांबून मागे वळायचा, काहीतरी आठवल्यासारखा.  त्या काकूच होत्या. चेहरा नाही, साडी नाही, काही नाही, तरी त्याच होत्या. मी पांढरा ठोकळा स्वयंपाकघरात नेला. पिवळा लगेच भिंतीला लागला आणि दुसऱ्या दाराने निघून गेला. मी बाल्कनीत गेले, तो झोपायच्या खोलीत. मी तिकडे गेले, तो जिन्यावर. मी उभी राहिले की तो आपल्या कामाला लागायचा. मी एक पाऊल टाकलं की अंग चोरून निघायचा.

"असं का होतंय?" काका म्हणाले. "सकाळपासून असंच. बघ बरं, कुठे चुकलंय."

मी पुन्हा खेळले. तसंच झालं. पांढरा कुठेही गेला तरी पिवळा तिथून जाई. एकदा मात्र तो सरळ वर गेला, बरसातीत, आणि हिरव्या ठोकळ्याला चिकटून बसला. तिथून हलला नाही.

"बग आहे ना हा?" काकांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. आमची ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच.

"नाही काका," मी म्हटलं. "बग नाही. तुम्ही बरोबर बघितलंत."

त्यांना कळलं. कळताना मी बघितलं त्यांना, आणि ते बघण्याची माझी इच्छा नव्हती. मग त्यांनी हिरव्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं.

"तू काय करायचीस? तुझ्याकडे का येते?"

"विशेष काही नाही. त्या हाक मारायच्या, मी ओ द्यायचे. या काकू, बसा, म्हणायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानंतर बरेच दिवस, मी मेट्रोला निघाले की बंद दाराआडून त्यांचा आवाज ऐकू यायचा. "अगं, ऐकलंस का? अगं, इकडे बघ. मी आहे." इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पूनमने काम सोडलं. "अंकलजी टीवी को बुलाते हैं," ती म्हणाली, "और दीदी, ऐसे रुकते हैं जैसे उधर से कोई बोलेगा." मीही जिन्यात थांबत असे. त्या थांबण्यात माझेही कान टवकारलेले असत, हे मला आवडत नाही, पण खरं आहे.

मग हाका बंद झाल्या.

थोड्याच दिवसांत कंपनीने माझी पुण्याच्या ऑफिसात बदली केली. निघायच्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन खाली आले. दार उघडं होतं. काका टीव्हीसमोर पाठमोरे बसले होते. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. मला वाटलं, बरं झालं, सावरले.

"निघते, काका."

"ये, ये. बघ," त्यांनी वळून न बघता सांगितलं. "आता येते ती."

पडद्यावर घर होतं. पॅसेजचा कोपरा रिकामा होता. मी पांढरा ठोकळा शोधला, सगळ्या खोल्यांत शोधला. तो कुठेच नव्हता.

"तुम्ही कुठे आहात यात?"

"मला काढलं," काका म्हणाले. "मी नसलो की येते."

त्यांची बोटं बटणांवर होती आणि हिरवा ठोकळा हलत होता. ते मला चालवत होते. मी जिना चढले, दारात थांबले, आत गेले, पलंगाच्या कडेला बसले. अगदी मी बसते तशी. खालच्या मजल्यावर पिवळा ठोकळा ओट्यापासून वळला. पॅसेजमधून, भिंतीला न लागता, मधून चालत आला. एकेक पायरी चढत वर आला आणि बरसातीच्या दारात उभा राहिला.

काकांनी बटणांवरून हात काढून मांडीवर ठेवले. त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"ओ," ते हळूच म्हणाले, माझ्या सुरात. "या काकू. बसा."